रोजा, पाळी आणि एक छोटी गोळी

रमजानचा चाँद दिसायला आठ-दहा दिवस उरले, की मेडिकलच्या दुकानात एक गोळी हळू आवाजात मागितली जाऊ लागते. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत बाई बाजूला थांबते, मग म्हणते, ‘‘पाळी पुढे ढकलायची गोळी द्या.’’ गौरी-गणपतीच्या आधी किंवा घरात सत्यनारायण असला, की त्याच काउंटरवर दुसऱ्या घरची सून तीच गोळी मागते. सण वेगळे, संकोच मात्र एकच.

पाळीच्या दिवसांत स्त्रीला रोजा आणि नमाज दोन्हींतून सूट आहे. राहिलेल्या नमाजा पुन्हा पढायच्या नसतात. रोजे मात्र नंतर ठेवायचे असतात, त्यांना कजा रोजे म्हणतात. सूट असली तरी मनाची ओढ वेगळी असते. साऱ्या घराबरोबर महिना पूर्ण व्हावा असे वाटते. कजा रोजा एकटीने ठेवायचा, आपण उपाशी आणि घर जेवते आहे, हे जड जाते. शिवाय त्या दिवसांत घरातल्या पुरुषांच्या नजरेआड, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार घास खाण्याचा संकोचही असतो. म्हणून गोळी. ती शरीरात काय करते, हे मात्र कुणी सांगत नाही.

पाळीचे चक्र दर महिन्याला मेंदूपासून सुरू होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या संदेशाने बीजकोशात एक स्त्रीबीज पिकते आणि बाहेर पडते. ते जिथून बाहेर पडले, तिथे प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते आणि गर्भाशयाचे मऊ अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

पाळी लांबवण्यासाठी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन दिले जाते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे, प्रयोगशाळेत बनवलेले संप्रेरक आहे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत, कार्ल जेरासी यांच्या प्रयोगशाळेत लुइस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले. मूळ कच्चा माल होता मेक्सिकोतल्या रानटी कंदाचा. पुढे जगभरच्या गर्भनिरोधक गोळ्यांत हेच संयुग आणि त्याची भावंडे वापरली गेली.

पाळी लांबवण्याची आणि गर्भनिरोधक अशा दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या असल्याने गैरसमज होतो.

पाळी लांबवायची गोळी सहसा पाळीच्या तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात. शरीरातले प्रोजेस्टेरॉन उतरू लागले, तरी गोळी त्याची जागा भरून काढते, म्हणून अस्तर सुटत नाही. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण गोळी सुरू होण्याच्या दहा-अकरा दिवस आधीच स्त्रीबीज बाहेर पडून गेलेले असते. गर्भ राहायचा असेल तर तो तेव्हाच राहिलेला असू शकतो. म्हणून या गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही. ईदनंतर गोळी थांबवून आठवडा उलटला आणि पाळी आली नाही, तर ‘गोळीमुळे उशीर झाला असेल’ म्हणत बसू नये. लघवीची तपासणी करून घ्यावी.

गर्भनिरोधक गोळीचे काम चक्राच्या सुरुवातीपासून चालते. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही वर्गांतली संप्रेरके असतात, उरलेल्या ७ लोहाच्या असतात. रोजच्या त्या छोट्या मात्रेने पीयूषिका ग्रंथी शांत राहते आणि स्त्रीबीज पिकतच नाही. गर्भाशयाच्या तोंडावरचा स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते, अस्तरही पातळ राहते. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत रक्तस्राव होतो, तो संप्रेरके थांबल्यामुळे. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शनही संप्रेरकाचेच आहे. ‘छाया’ ही गोळी मात्र या घराण्यातली नाही, तिच्यात संप्रेरक नसते.

रमजानमध्ये प्रश्न येतो वेळेचा. दिवसा गोळी गिळली तर रोजा तुटतो. माला-एनसारखी गोळी दुपारी घेण्याची सवय असेल, तर ती इफ्तारनंतर किंवा सहरीला घ्यावी. मात्र एकच वेळ धरावी आणि महिनाभर तीच ठेवावी. फक्त प्रोजेस्टेरॉन वर्गाच्या काही गोळ्यांना जेमतेम तीन तासांची सवलत असते, त्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधसारखे दुसरे साधन वापरावे लागते. पाळी लांबवायची गोळी बहुधा दिवसातून तीन वेळा असते. दुपारची गोळी मनानेच गाळली तर मधेच रक्तस्राव सुरू होऊ शकतो. आधीपासून माला-एन घेणाऱ्या बाईला लोहाच्या सात गोळ्या सोडून लगेच नवे पाकीट सुरू करता येईल का, हेही डॉक्टर सांगू शकतात.

डॉक्टरांना विचारण्याचे आणखी मोठे कारण आहे. या औषधांनी काही स्त्रियांच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पूर्वी अशी गाठ झालेली, रक्तदाब जास्त असलेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान करणारी स्त्री असेल, तर शेजारणीच्या पाकिटातली गोळी तिच्यासाठी नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनेही विचारूनच घ्यावी. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. गोळी घेताना पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर इफ्तारची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तब्येतीला अपाय होत नसेल तर गोळी घ्यायला हरकत नाही, असे अनेक उलेमा सांगतात. निसर्गाप्रमाणे पाळी येऊ द्यावी, हे अधिक बरे, असेही तेच सांगतात. निर्णय त्या बाईचा. चाँद दिसण्याआधी दोन आठवडे डॉक्टरांकडे एक फेरी मारली तर तो निर्णय माहितीनिशी होईल. आणि गोळी सोसत नसेल तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. चुकलेले चार-सहा रोजे वर्षभरात ठेवता येतात, थंडीच्या लहान दिवसांतही. त्या दिवशी घरच्यांनी तिच्यासोबत सहरीला उठावे, संध्याकाळी तिच्यापुढे खजूर ठेवावेत. म्हणजे कजा रोजा एकटीचा राहणार नाही.