सोळा सेकंदांत अख्खं अजमान

संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी अजमान सगळ्यात लहान. क्षेत्रफळ साधारण 260 चौरस किलोमीटर, आणि 2017 च्या जनगणनेत माणसं भरली 5 लाखांच्या किंचित वर. हा 5 लाखांचा आकडा लक्षात असू द्या, पुढचा हिशेब त्याच मापाने करू.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हे गणित मांडलं. म्हणजे अजमानात जेवढी माणसं, तेवढ्या पेशी 16 सेकंदांत संपतात. त्याच एका मिनिटात 12 किलोमीटर चेतातंतूही जातात. अजमानचा सगळा किनारा मिळून जेमतेम 16 किलोमीटर आहे.

दुबईपेक्षा घरभाडं कमी, म्हणून दुबईत नोकरी करणारे कितीतरी जण अजमानात बिऱ्हाड करतात, त्यात आपले कोकणातलेही. हात जड पडला, बोलणं अडखळलं, तर ‘जरा पडतो, मग बघू’ असं म्हणून घालवलेला एक तास म्हणजे 11 कोटी 40 लाख पेशी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या याहून थोडी कमीच होती. मेंदूत एकूण 8,600 कोटी चेतापेशी असतात, म्हणून त्यानंतरही माणूस शिल्लक राहतो, इतकंच. तिथे रुग्णवाहिकेसाठी 998 ला फोन लावायला काही सेकंद लागतात.

स्ट्रोक म्हटलं की बीपी, शुगर, तंबाखू हीच नावं आठवतात, आणि बहुतेक वेळा दोषी तीच असतात. पण आखातात माणूस ऐन कमाईच्या वयात येतो आणि साठीला गावी परततो. अशा तरुण वस्तीत लकव्याचा रुग्ण आला की जन्मापासूनच्या किंवा विरळ्या दोषांकडेही बघावं लागतं, आणि तिथे आकडे भलतीच वळणं घेतात.

पोटातल्या बाळाच्या हृदयात दोन कर्णिकांमध्ये एक झडपेसारखी वाट असते. फुप्फुसं बंद असल्यामुळे रक्त तिथून पलीकडे जातं. पहिला श्वास घेतला की ती मिटते, पण चारांतल्या एकात पुरती चिकटत नाही. अजमानात अशी सव्वा लाख माणसं निघतील! त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागणार नाही. मात्र पायाच्या शिरेत गुठळी असेल आणि खोकताना किंवा वजन उचलताना ती वाट क्षणभर उघडली, तर फुप्फुसांच्या चाळणीत अडकायची ती गुठळी थेट मेंदूकडे निघते. साठीच्या आतल्या ज्या स्ट्रोकचं नेहमीचं कारण सापडत नाही, त्यांत जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये हे भोक आढळतं.

ते शोधायची तऱ्हा मला फार आवडते. 9 मिली सलाइन आणि 1 मिली हवा दोन सिरिंजांमधून इकडून तिकडे जोरात ढकलून फेस करायचा आणि दंडाच्या शिरेतून सोडायचा. इकोच्या पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरीशुभ्र होते. मग ठोके मोजायचे. तीन ठोक्यांच्या आत बुडबुडे डावीकडे दिसले तर भोक हृदयात. उशिरा दिसले तर संशय फुप्फुसातल्या आडवाटेवर. दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्या हृदयाचा निकाल तिसऱ्या ठोक्यावर लागतो. रुग्ण योग्य असेल तर तारेने ‘छत्री’ बसवून ते भोक बंद करतात.

मिक्सोमा ही हृदयातली जेलीसारखी गाठ, बहुतेकदा डाव्या कर्णिकेत देठावर झुलणारी. तिचे तुकडे सुटून मेंदूत जातात. दर 10 लाखांमागे वर्षाला साधारण अर्धा रुग्ण. अजमानच्या वाट्याला चार वर्षांत एक. पण जगाच्या 800 कोटींना हाच दर लावला तर दरवर्षी 4,000. स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी 1954 मध्ये ती यशस्वीपणे काढली, तोवर तिचं निदान बहुधा शवविच्छेदनातच होई.

सगळ्यात घातकी प्रकार महाधमनीचा. भिंतीचा आतला थर फाटतो, रक्त थरांमध्ये घुसतं आणि मानेकडे जाणाऱ्या धमन्यांची तोंडं दाबली जातात. बाहेरून दिसतो तो साधा लकवा. हृदयालगतचा भाग फाटला असेल, तर ऑपरेशनवाचून सुरुवातीला दर तासाला 1 ते 2 टक्के रुग्ण दगावतात, असा जुना हिशेब आहे. अशा माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर तेच जिवावर बेतू शकतं. म्हणून छाती-पाठीत कळ आली होती का हे विचारतात आणि दोन्ही हातांचं बीपी घेतात. 20 च्या वर फरक दिसला की शंका घ्यायची आणि सीटी अँजिओग्राफी छातीपासून करायची. दुसऱ्या हाताच्या बीपीला मिनिटभर जातं. सेव्हर यांच्या हिशेबाने तेवढ्यात 19 लाख पेशी खर्ची पडतात, पण तो खर्च करायलाच हवा.