कीचक आणि सैरंध्री (चित्र)

'कीचक आणि सैरंध्री' हे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे महाभारतातील विराटपर्वावर आधारित तैलचित्र आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. त्या मालिकेतील हे चित्र १८९० चे आहे.

कथानक

अज्ञातवासात द्रौपदी 'सैरंध्री' या नावाने विराटाची राणी सुदेष्णा हिची दासी होते. राणीचा भाऊ व सेनापती कीचक तिच्यावर आसक्त होतो. मद्य आणण्याच्या निमित्ताने राणी तिला त्याच्या महालात पाठवते. तेथून निसटून ती राजसभेत धाव घेते. कीचक तिला भरसभेत लाथ मारतो, तरी तिला दाद मिळत नाही. अखेर भीम नृत्यशाळेत कीचकाचा वध करतो.

आशय

रविवर्म्यांनी वधाचा नव्हे, तर कीचकाच्या लगटीचा प्रसंग रंगवला आहे. चित्रात भीम नाही. सत्ताधाऱ्यासमोर एकाकी पडलेली स्त्री हाच चित्राचा विषय असून पुढील न्याय प्रेक्षकाने स्मरणातून पुरवायचा आहे.

युरोपीय समांतर

स्पॅनिश चित्रकार एदुआर्दो रोसालेस (१८३६–१८७३) यांचे 'लुक्रेशियाचा मृत्यू' (१८७१) हे भव्य चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. रोमन आख्यायिकेनुसार राजपुत्राच्या अत्याचारानंतर लुक्रेशियाने आत्महत्या केली; त्यातून उसळलेल्या संतापाने राजसत्ता उलथून प्रजासत्ताक स्थापन झाले. परंपरेने ही घटना इ.स.पू. ५०९ ची मानतात. रोसालेस यांनी अत्याचारानंतरचा क्षण निवडला, तर रविवर्म्यांनी त्याआधीचा. एका स्त्रीवरील अन्याय हा राज्यकर्त्यांच्या अधिकारावरच प्रश्नचिन्ह ठरतो, हे दोन्ही कथांतील साम्य होय.

मराठी रंगभूमीवरील कथा

याच कथेवरील कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पराधीन भारत, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष पाहिला. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने नाटकावर बंदी घातली. चित्र व नाटक या स्वतंत्र कलाकृती आहेत. मात्र जुनी कथा नव्या काळात राजकीय अर्थ कसा धारण करते, हे त्यांच्या एकत्र अभ्यासातून स्पष्ट होते.