नव्या व व्रतस्थ वैद्यकीय विद्यालयांत मुलास घालावें काय?

ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं मूल मराठी सातवी झालें कीं औतामागें लावीत, त्याच घरांतून आज मुलें व मुली ‘नीट’ची परीक्षा देऊन वैद्यकीय विद्यालयाच्या दारांत उभीं राहत आहेत. गोष्ट अभिमानाची खरी. पण तिच्यासोबत एक नवा पेंचहि शेतकऱ्याच्या घरांत शिरला आहे. गुण असे पडतात कीं शहरांतील जुन्या, नांवाजलेल्या सरकारी विद्यालयाची जागा थोडक्यांत हुकते. खासगी विद्यालयाची फी ऐकून छातींत धस्स होतें. आणि मग तिसरी वाट म्हणून एखादें नवें विद्यालय पुढें येतें. तें आडवळणाच्या जिल्ह्यांत असतें, आणि ‘आम्ही खेड्यासाठीं डॉक्टर तयार करतों’ असा त्याचा बाणा असतो. तेथें जावें कीं नाहीं याचा निर्णय ऐन खरिपाच्या धांदलींत, चार-सहा दिवसांत करावा लागतो. सभासद बंधूंकडून या संबंधानें वरचेवर विचारणा होते, सबब या अंकीं त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

अशा विद्यालयाचें आपल्या डोळ्यांपुढील उदाहरण म्हणजे सेवाग्राम. वर्ध्यापासून सुमारें आठ किलोमीटरवरचें हें गांव. त्याचें मूळ नांव शेगांव. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास आले, आणि त्यांचें टपाल बुलढाण्याकडील शेगांवास जाऊं लागल्यामुळें १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. आश्रमांत डॉ. सुशीला नायर या रोग्यांना औषधपाणी करीत. फेब्रुवारी १९४४ मध्यें कस्तुरबा निवर्तल्या, व पुढल्याच सालीं त्यांच्या नांवानें स्त्रिया व मुलें यांजकरितां एक लहानसें रुग्णालय तेथें उघडलें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालीं, त्या रुग्णालयाच्या आधारावर सुशीलाबाईंनीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही संस्था काढली. खेड्यांत वसलेलें असें वैद्यकीय विद्यालय देशांत तोंवर नव्हतें.

त्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा व त्यांच्या वडिलांचा विचार करावा. नागपूरचें सरकारी विद्यालय १९४७ पासून चाललेलें, अवघ्या पाऊणशें किलोमीटरवर. आणि येथें ज्यानें पदवी घेतली असा एकहि मनुष्य दाखवावयास नाहीं. शिवाय अटी निराळ्या. खादी वापरावयाची, सर्वधर्म प्रार्थनेस बसावयाचें, श्रमदान करावयाचें, दारू, तंबाखू व मांसाहार वर्ज्य. सुरवातीचा पंधरवडा आश्रमांत. पुढें प्रत्येक तुकडीनें एक खेडें दत्तक घ्यावयाचें, त्या खेड्यांत शिबिर करून राहावयाचें, आणि विद्यार्थ्याकडे नेमून दिलेल्या कुटुंबांची विचारपूस पुढेंहि करीत राहावयाचें. डॉक्टर होण्यास निघालेल्या मुलानें झाडू कशास धरावा, असें कित्येक वडिलांच्या मनांत आलें असल्यास नवल नाहीं. तरीहि मुलें गेलीं, आणि आज तें रुग्णालय सुमारें हजार खाटांचें आहे.

परंतु सेवाग्राम नांवारूपास आलें म्हणून प्रत्येक नवें व्रतस्थ विद्यालय तसेंच होईल, हा तर्क फसवा आहे. शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागलें म्हणून आपण तिसऱ्या गटांत डोळे मिटून खणूं लागत नाहीं. सेवाग्रामचें कां साधलें, हें पाहिलें पाहिजे. आमच्या मतें त्याचें मुख्य कारण असें कीं तेथें रुग्णालय आधीं होतें व विद्यालय मागून झालें. दोहोंमध्यें चोवीस वर्षांचें अंतर आहे. दक्षिणेंतील वेल्लूरचीहि गोष्ट तीच. डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी बाईंनीं १९०० सालीं तेथें एका खोलींत दवाखाना सुरू केला, १९०२ सालीं रुग्णालय बांधलें, आणि मुलींकरितां वैद्यकीय शाळा काढली ती १९१८ सालीं. दोन्ही ठिकाणीं रोग्यांचा विश्वास आधीं जमला होता. वैद्यक हें पुस्तकावर शिकतां येत नाहीं. बाळंतीण, तापकरी, अर्धांगाचा रोगी, सर्पदंश झालेला मजूर यांच्या खाटेपाशीं उभें राहून तें शिकावें लागतें. जेथें खाटा रिकाम्या, तेथें विद्यार्थ्याचीं साडेचार वर्षें रिकामीं गेलीं असें समजावें.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं विद्यालयाचें माहितीपत्रक घरीं ठेवून द्यावें व एखाद्या सोमवारीं सकाळीं दहा वाजतां, कोणास न कळवितां, तेथील रुग्णालयांत जाऊन बसावें. बाह्यरुग्ण विभागांत केसपेपरासाठीं रांग आहे कीं नाहीं, ती आसपासच्या खेड्यांतील माणसांची आहे कीं नाहीं, हें शेतकऱ्याच्या नजरेस लगेच कळतें. मग वॉर्डांतून एक फेरी, दिसतील तेवढ्यावर नजर टाकीत. परिचारिकेस विचारावें कीं रात्रीं कोण डॉक्टर असतो. शेवटच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गांठून त्यानें स्वतः किती बाळंतपणें पाहिलीं हें विचारावें. अगदींच नव्या विद्यालयांत शेवटचें वर्ष नसेल, तर तेथील अध्यापकांपैकीं किती जण त्याच गांवांत बिऱ्हाड करून आहेत व किती जण आठवड्यांतून दोन दिवस शहरांतून येतात, याची चौकशी करावी. ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्यें महाराष्ट्रांत गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, जालना, भंडारा अशा ठिकाणांसह दहा नवीं सरकारी विद्यालयें सुरू झालीं. जुन्या जिल्हा रुग्णालयाशीं जोडलेल्या विद्यालयास रोग्यांची वाण पडत नाहीं. तेथें कसोटी लागते ती शिकविणारांच्या संख्येची. कांहीं खासगी विद्यालयांची गोष्ट उलट: इमारत संगमरवरी, यंत्रें चकचकीत, आणि खाटा भरतात त्या तपासणीच्या दिवसापुरत्या.

दुसरी बाब मान्यतेची. ती लिहिण्यांत रुक्ष, पण तिजवर मुलाचें सर्व भवितव्य लटकलेलें असतें. नव्या विद्यालयास प्रथम फक्त परवानगी मिळते. पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेस बसते त्या सुमारास पदवीस मान्यता मिळण्याचा प्रश्न येतो. २०२० पासून हें काम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. वेल्लूरच्या शाळेंत प्रथम पदवी नव्हे, तर पदविका मिळे. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें पदविकेचें शिक्षण बंद करण्याचें ठरविलें, आणि वीस वर्षें चाललेली ती शाळा बंद पडते कीं काय अशी वेळ आली. पैसा, अध्यापक व खाटा वाढवून १९४२ सालीं तेथें पदवीचा वर्ग सुरू झाला तेव्हां ती तगली. पाठीशीं मोठा लोकाश्रय होता म्हणून हें झालें. तेव्हां नव्या संस्थेच्या चालकांस विचारावें कीं वाईट दिवस आल्यास तुमच्यामागें कोण आहे. सेवाग्रामच्या चालू खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकारनें, पाव राज्य सरकारनें व पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीनें उचलावा अशी तजवीज झाली. अशी तजवीज कागदावर दाखवितां आली, तर तिला भाषणापेक्षां अधिक किंमत द्यावी.

आतां व्रताविषयीं. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला; सात-बारा हातीं आला कीं आमची नजर प्रथम ‘इतर हक्क’ या रकान्याकडे जाते. जमिनीचा खरा इतिहास तेथें असतो. व्रतस्थ विद्यालयाच्या प्रवेशपत्रांतहि असा एक रकाना असतो. तो वाचल्याशिवाय सही करूं नये. शिक्षणानंतर किती वर्षें व कोठें सेवा करावी लागेल, न केल्यास दंड किती, मूळ प्रमाणपत्रें कोण ठेवून घेणार, सेवेच्या ठिकाणीं राहण्यास जागा मिळते काय, पुढील पदव्युत्तर प्रवेशाशीं त्या सेवेचा संबंध आहे काय, हें सर्व लेखी मागावें. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी बदलून जातो.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं हें व्रत मुलाचें आहे, बापाचें नव्हे. पूर्वीं सेवाग्रामास स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असे व तींत गांधीविचारांवर एक प्रश्नपत्रिका असे. ती पाठ करूनहि उत्तीर्ण होतां येई, हें खरें. तथापि आपण कोठें चाललों आहों एवढें तरी विद्यार्थ्यास कळे. ‘नीट’ आल्यापासून नुसत्या गुणांच्या यादीवर जागा मिळते, आणि खादी म्हणजे काय हें ठाऊक नसलेलें मूलहि तेथें जाऊन पोंचतें. तो प्रश्न आतां कोणी विचारीत नाहीं. तो घरांतच विचारला पाहिजे. स्पष्ट बोलावयाचें तर आपल्यापैकीं पुष्कळांस मुलगा डॉक्टर हवा असतो तो तालुक्याच्या गांवीं दुमजली इस्पितळ व त्यावर आडनांवाची पाटी यांसाठीं. यांत पाप नाहीं. पण तोच हेतु असेल तर मुलास व्रतस्थ विद्यालयांत घालूं नये. तेथें तो पांच वर्षें चडफडेल आणि सेवेचीं वर्षें दंड भरून चुकवील. मुलीच्या बाबतींत तर बापानें दुप्पट सावकाश बोलावें, कारण ती बहुधा ‘तुम्ही म्हणाल तसें’ असें म्हणून विषय संपविते, आणि तिला काय वाटतें हें कळतच नाहीं.

पैशाचा हिशेब शेवटीं घेतला, पण तो लहान नाहीं. नोकरींत असतां शिक्षणापायीं जमिनीवर चढलेले बोजे आम्हीं आपल्या हातानें नोंदविले आहेत. कांहीं उतरले, कांहीं ठिकाणीं बोजा राहिला व जमीन गेली. बागाईत विकून मिळविलेली पदवी गांवांत येऊन बसत नाहीं, कारण तिला आधीं आपली किंमत वसूल करावयाची असते, आणि ती वसुली शहरांतच होते. कमी फीच्या विद्यालयांतून निघालेल्या डॉक्टरास निदान निवड करण्याची मोकळीक राहते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. अशा रोग्यास पहिल्या तासांत ओळखणारा डॉक्टर जवळपास हवा, असें आपण सर्वच त्या वेळीं म्हणत होतों. तो डॉक्टर कोणाच्या घरचा असावा, हें मात्र कोणी बोललें नाहीं.

विहित मुदतींत प्रवेश निश्चित करावयाचा असल्यास जातीचा दाखला, रहिवास दाखला व उत्पन्नाचा दाखला हे आधींच काढून ठेवावे. खरिपांत तलाठी कार्यालयांत गर्दी असते. रुग्णालय पाहावयास जातांना मुलास किंवा मुलीस बरोबर न्यावेंच. तेथें दोन तास त्याला मोकळें सोडावें, वसतिगृहांत जेवूं द्यावें, वरच्या वर्गांतील मुलांशीं आपल्या पाठीमागें बोलूं द्यावें; आणि परततांना गाडींत त्यानें आपण होऊन तोंड उघडेपर्यंत आपण कांहीं विचारूं नये.