उतारावरचा हौद आणि नळ

साताऱ्याकडून येणारी वाहने कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडली की पुण्यात नवले पुलापर्यंत उतारच उतार लागतो. मुंबई–बेंगळुरू महामार्गाचा हा तुकडा अपघातांमुळे पुणेकरांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू वाहनाने येथे अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर चालकाने इंजिन बंद केले होते, असे तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी येथे पुन्हा भीषण अपघात झाला, त्यात अनेकांचे प्राण गेले. अशा बातम्यांत ‘ब्रेक निकामी’ हे शब्द वारंवार वाचायला मिळतात. ब्रेक निकामी होतो म्हणजे नेमके काय होते? बऱ्याचदा त्याचे उत्तर आपल्या शालेय विज्ञानातच सापडते.

३० टन वजनाचा ट्रक १०० मीटर उंचीवरून खाली येतो असे समजू. त्याची स्थितिज ऊर्जा वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे ३०,००० × ९.८ × १०० = सुमारे २ कोटी ९४ लाख ज्यूल इतकी कमी होते. ही ऊर्जा कुठे तरी जायला हवी. अडवणारे काहीच नसेल तर तिची गतिज ऊर्जा होईल आणि ट्रकचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होईल. वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे या सर्व ऊर्जेची उष्णता करायची. ती उष्णता किती? ३० अंश सेल्सिअसचे १०० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी!

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे साधन. फिरणाऱ्या लोखंडी ड्रमवर आतून अस्तर लावलेले पट्टे दाबले जातात आणि घर्षणाने दोन्ही तापतात. सर्व ड्रम मिळून ५०० किलो लोखंड आहे असे धरू. लोखंडाचा विशिष्ट उष्मा सुमारे ४५० ज्यूल प्रति किलो प्रति अंश असतो. वरील सगळी उष्णता ड्रममध्येच राहिली तर त्यांचे तापमान १३० अंशांनी वाढेल. ३०० मीटरचा घाट उतरल्यास ही वाढ जवळजवळ ४०० अंशांवर जाईल.

फार तापलेल्या अस्तराचे घर्षण कमी होते. शिवाय ड्रम प्रसरण पावून पट्ट्यांपासून दूर सरकतो. चालक पेडल पूर्ण दाबतो, ब्रेक लागतोही, पण गाडी थांबत नाही. यात काही तुटलेले नसते. तासाभराने ब्रेक तपासला तर तो ठणठणीत आढळू शकतो.

मग गाडी सावकाश उतरवून काय साधते? उंची तीच, म्हणजे एकूण उष्णताही जवळपास तीच. येथे गणितातला हौद आणि नळ आठवावा. उष्णता येणे हा हौद भरणारा नळ आणि ती हवेत जाणे हा रिकामा करणारा नळ. हौद ओसंडेल की नाही, हे दोन्ही नळांच्या वेगावर ठरते. रस्त्याच्या दर १०० मीटरमागे ४ मीटर उतार असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने आपला ट्रक सेकंदाला सुमारे २ लाख ज्यूल उष्णता निर्माण करतो. पाणी तापवायच्या १००० वॅटच्या २०० कॉइली एकदम लावल्यासारखे हे आहे! ताशी २० किलोमीटर वेगाने याच कॉइली ६५ होतात आणि उष्णता बाहेर जाण्यास तिप्पट वेळ मिळतो. (टायर व हवेचा विरोध यातील काही भाग उचलतो, तो हिशेबात धरलेला नाही.)

दुसरा उपाय म्हणजे आणखी एक नळ उघडणे. तो नळ म्हणजे इंजिन. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातील घर्षण आणि हवा आत-बाहेर ढकलण्याचे काम यांत ऊर्जा खर्च होते. तिची उष्णता रेडिएटर व धुराड्यातून बाहेर पडते आणि ब्रेक बराच थंड राहतो. म्हणूनच चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे असे जुने चालक सांगतात.

गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की हा नळ बंद होतो. त्यात इंजिनही बंद केले, तर ट्रकच्या ब्रेकला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत उरलेल्या हवेवरच काम भागवावे लागते. स्टिअरिंगची मदतही जाते. हे सारे डिझेल वाचवण्यासाठी! आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत तर गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंधन जवळपास बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते.

चढावरही हौद हाच, फक्त तापणारा भाग वेगळा. जोडगाडी ओढणाऱ्या स्वयंचलित गिअरच्या पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे तेलामार्फत जाते. ओझे जड, वेग कमी असला की तेलाच्या दोन बाजूंच्या गतींत फरक पडतो आणि तेल तापते. ते थंड करण्यासाठी वेगळा छोटा रेडिएटर बसवतात, आणि चालकाने खालचा गिअर निवडावा असे सांगतात. आपल्याकडच्या साध्या ट्रकमध्ये चढावर अर्धा क्लच दाबून ठेवला की क्लचप्लेट जळते. तिचा वास घाटात अनेकांनी घेतला असेल.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सायकल उलटी उभी करा. एका विद्यार्थ्याला हाताने पायडल फिरवून मागचे चाक फिरवू द्या, दुसऱ्याला ब्रेक हलका दाबून धरू द्या. मिनिटाभराने चाक पूर्ण थांबवून ब्रेकच्या रबराला बोट लावा. मग वेग दुप्पट करून पाहा. शेवटी मुलांना विचारा: उतारावर सायकलचे पायडल स्थिर असतात, तरी चाक फिरते. मग सायकल उतारावर गिअरमध्ये असते की न्यूट्रलमध्ये?

या वर्गातली काही मुले उद्या स्वतः वाहने चालवतील. घाटाच्या माथ्यावरची ‘वाहन न्यूट्रलमध्ये चालवू नये’ ही पाटी त्यांनी दंडाच्या भीतीने पाळण्यापेक्षा हौदाचे गणित आठवून पाळलेली बरी.