दुखापतींनी खेळ थांबवला, तरी भारताचे कोच झाले! खालिद जमील यांची कारकीर्द आणि मुंबईतून गायब झालेली शिडी

होटगी (ता. दक्षिण सोलापूर) : भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य कोच कोण, या प्रश्नावर जुलै २०२५च्या अखेरीस तीन नावं उरली होती. पहिलं नाव स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचं. त्यांनी याआधी दोनदा भारताचं कोचपद सांभाळलं आहे. दुसरं स्टेफान टार्कोविच यांचं. ते २०२१मध्ये झालेल्या युरो स्पर्धेत स्लोव्हाकियाचे कोच होते. तिसरं नाव खालिद जमील यांचं. मुंबईच्या क्लबांकडून मिडफिल्डर म्हणून खेळलेला, दुखापतींमुळे २००९मध्ये बूट उतरवलेला माणूस.

१ ऑगस्ट २०२५ला जमील यांचं नाव जाहीर झालं. २०१२नंतर पहिल्यांदाच भारतीय संघाला कायमस्वरूपी भारतीय कोच मिळाला. त्याआधी ही जबाबदारी गोव्याच्या सावियो मदेरा यांच्याकडे होती.

पण खेळाडू म्हणून फार मोठे आकडे नावावर नसलेला माणूस इथपर्यंत पोहोचला कसा? आणि आज सोलापूर, कोल्हापूर किंवा मुंबईतल्या मुलाला तोच रस्ता मिळेल का? समजून घेऊ.

मिडफिल्डर नेमकं काय करतो?

होटगीकरांना हे समजावणं सोपं आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणारी मुख्य लाइन होटगी जंक्शनवरून पुढे जाते आणि इथूनच विजयपूर, बागलकोट, गदगची लाइन फुटते. कोणती गाडी कधी आणि कुठल्या लाइनवर सोडायची, हे जंक्शनवर ठरतं.

मिडफिल्डरचं काम तसंच. मागून आलेला बॉल घ्यायचा आणि तो डावीकडे, उजवीकडे की सरळ पुढे द्यायचा, हे क्षणात ठरवायचं. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. त्यामुळे मिडफिल्डरचं मोल आकड्यांत पटकन दिसत नाही. मात्र अख्खं मैदान वाचायची सवय त्याला लागते. पुढे कोच झाल्यावर हीच सवय कामी येते.

जमील यांची खेळाडू म्हणून कारकीर्द

जन्म १९७७चा, कुवेतमधला. फुटबॉलची कारकीर्द मात्र मुंबईची. १९९७च्या सुमारास ते महिंद्रा युनायटेडमध्ये आले. मग एअर इंडिया, २००२पासून पुन्हा महिंद्रा आणि शेवटी २००७मध्ये नव्याने सुरू झालेला मुंबई एफसी. भारताकडूनही ते खेळले.

महिंद्रा युनायटेडने २००५-०६मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या क्लबने देशाचं विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. जमील त्या काळात याच क्लबमध्ये होते. पण शरीर साथ देत नव्हतं. दुखापतींमुळे मैदानापेक्षा बाहेर बसण्याचाच काळ वाढत गेला आणि २००९मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते थांबले.

आपल्याकडे बहुतेक फुटबॉलपटूंची गोष्ट इथे संपते. जमील यांची संपली नाही, कारण ज्या मुंबई एफसीकडून ते शेवटचे खेळले, त्याच क्लबने त्यांना मुख्य कोच केलं.

मग वळण कुठे आलं?

मुंबई एफसीकडे मोठ्या क्लबांइतका पैसा नव्हता आणि महागडे परदेशी खेळाडूही नव्हते. जमील तिथे २००९ ते २०१६ असे सात हंगाम होते. या काळात संघाने विजेतेपद मिळवलं नाही, पण तो आय-लीगमधून एकदाही खाली गेला नाही. कमी साधनांत संघ कसा टिकवायचा, हे ते इथेच शिकले.

२०१६मध्ये क्लब आणि जमील यांचे रस्ते वेगळे झाले. त्यांनी मिझोरामचा आयझॉल एफसी हाती घेतला. हा संघ आधीच्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला पुन्हा जागा मिळाली होती.

पुढे जे झालं ते कुणाच्याही गणितात बसणारं नव्हतं. २२ एप्रिल २०१७ला आयझॉलने मोहन बागानला १-० असं हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ३७ गुणांसह आयझॉल देशाचा विजेता ठरला. मोहन बागानचे ३६ गुण होते. ईशान्य भारतातल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच हंगामात, जमील यांच्याशिवाय खेळणारा मुंबई एफसी तळाला जाऊन लीगमधून बाहेर पडला. २०१७मध्येच क्लब बंद झाला.

आयएसएल आणि भारतीय संघ

इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोच बहुतेक परदेशीच असायचे. २०२०-२१च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडने कोच बदलला आणि मधल्या काळासाठी जमील यांना जबाबदारी दिली. साखळीतले पुढचे नऊ सामने संघ हरला नाही आणि थेट उपांत्य फेरीत गेला. त्यानंतर क्लबने त्यांना कायम केलं. आयएसएलमध्ये असं पद मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे जमशेदपूरला त्यांनी २०२४-२५मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि २०२५मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात नेलं.

भारतीय संघासोबतची सुरुवात चांगली झाली. २९ ऑगस्ट २०२५ला काफा नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. तिसऱ्या स्थानाच्या लढतीत ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं.

पण खरी परीक्षा आशियाई चषकाच्या पात्रता फेरीची होती आणि तिथे निकाल वाईट लागला. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये १-१ बरोबरी, १४ ऑक्टोबरला मडगावात त्याच संघाकडून १-२ पराभव. २०२७च्या आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही भारत ०-१ असा हरला.

यात फक्त कोचची चूक शोधणं सोपं आहे. पण संघात कोण खेळणार, हे कोच येण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी ठरत असतं.

स्लोव्हाकियाशी तुलना कशासाठी?

स्लोव्हाकियाची लोकसंख्या साधारण ५४ लाख. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या सोलापूर जिल्ह्याची ४३ लाख. म्हणजे तो देश आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा.

त्या देशाने मारेक हामशिक हा मिडफिल्डर दिला. बान्स्का बिस्त्रिका शहरातल्या छोट्या क्लबमध्ये सुरुवात, मग राजधानीतला स्लोव्हान ब्रातिस्लावा, सतराव्या वर्षी इटलीतला ब्रेशिया आणि २००७पासून जवळपास १२ वर्षं नापोली. नापोलीकडून ५२० सामने, १२१ गोल. २०१०च्या विश्वचषकात त्याच्या नेतृत्वाखाली स्लोव्हाकियाने गतविजेत्या इटलीला ३-२ असं हरवून घरी पाठवलं. २०२३मध्ये तो निवृत्त झाला.

हामशिकची गुणवत्ता मोठी होतीच. पण गावचा क्लब, राजधानीचा क्लब, परदेशी क्लब, ही शिडीही जागेवर होती. त्याला प्रत्येक वेळी फक्त पुढची पायरी चढायची होती.

आपल्या शिडीचं काय झालं?

जमील ज्या पायऱ्यांवरून वर आले, त्या पाहा.

- महिंद्रा युनायटेड : २०१०मध्ये बंद.
- एअर इंडिया : कंपनीचा संघ व्यावसायिक क्लबच्या निकषांत बसत नाही म्हणून २०१३मध्ये आय-लीगबाहेर.
- मुंबई एफसी : २०१७मध्ये बंद.

म्हणजे खेळाडू म्हणून त्यांना उभं करणारा एकही संघ आज देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटीही २०१९मध्ये बंद झाला. आयएसएलमध्ये महाराष्ट्राकडून उरला फक्त मुंबई सिटी. तो देशातल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक आहे, पण एका क्लबमध्ये जागा मोजक्याच असतात.

कंपनीच्या संघांचे तोटे होते. प्रेक्षक कमी, अकादमी नाही, मार्केटिंग नाही. पण तिथे खेळाडूच्या घराला एक आधार असायचा. एअर इंडियासारख्या संघात खेळासोबत नोकरी मिळायची. गुडघा गेला तरी महिन्याचा पगार थांबत नसे. फुटबॉलमध्ये जाऊ का, असं विचारणाऱ्या मुलाला वडिलांनी होकार देण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असायचं.

आजच्या मुलासमोर कोणते रस्ते आहेत?

१. क्रीडा प्रबोधिनी आणि क्लब अकादमी : कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७मध्ये भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला.

२. खेळाडू कोट्यातली नोकरी : रेल्वे आणि पोलिस दलात ही सोय अजून आहे. होटगी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतं. त्यामुळे इथल्या घरांना हा रस्ता नवा नाही.

३. कोचिंग : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा परवान्यांच्या पायऱ्या आहेत. मोठा खेळाडू नसलात तरी डी परवान्यापासून सुरुवात करता येते. जमील यांच्याकडे प्रो परवाना आहे.

जमील यांच्या गोष्टीतून जिद्द शिका, असं म्हणणं सोपं आहे. जिद्द त्यांच्याकडे होतीच. पण २००९मध्ये खेळ थांबला, त्याच वेळी त्यांना कोच करणारा क्लब त्यांच्याच शहरात होता. दुखापतीने थांबलेल्या आजच्या बत्तीस वर्षांच्या मिडफिल्डरला असा क्लब महाराष्ट्रात शोधावा लागेल. भारताचा पुढचा कोच कुठून येणार, याचं उत्तर त्या शोधावर अवलंबून आहे.