बेरीज न करता

कॉलेजांना जोखायचे चार मापदंड: अध्यापक, नावलौकिक, प्लेसमेंट, सुविधा. प्रत्येकात अ मिळाला तर ५० गुण, ब ४०, क ३०, ड २०, नापास शून्य. वेटेज ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४, पण कुठलं कुणाला, ते गुलदस्त्यात. शिवाय श्रेणींचा अर्धवट तक्ता आणि त्याखाली माहितीच्या तीन-चार ओळी. एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेत २०१८ला कोड्यांचा असा एक सेट आला आणि तेव्हापासून क्लासच्या नोट्समध्ये त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत. शिकवताना मीही एखादी बनवतो.

नवी मुलं आधी कॅल्क्युलेटर उघडतात. परीक्षेत तो स्क्रीनवरच असतो, त्यामुळे हात तिकडे जातोच. चार वेटेजचे क्रम होतात २४. एकेक क्रम धरून आठ-आठ कॉलेजांच्या बेरजा मांडत बसलं, तर विभागाची ४० मिनिटं तिथेच खलास.

मुरलेली मुलगी तक्त्यात आधी शून्य शोधते. समजा, एका कॉलेजला तीन ठिकाणी अ आहे, प्लेसमेंटमध्ये नापास, आणि तरी एकूण गुण किमान ४५. चारही अ असते तर ५० झाले असते. म्हणजे प्लेसमेंटपायी गेले ते फार तर ५, आणि तिचं वेटेज ०.१. एका ओळीत २४चे ६ राहिले.

पुढची ओळ म्हणते, अमुक दोन कॉलेजांचे एकूण गुण सारखे. नावलौकिक आणि प्लेसमेंटमध्ये दोघांच्या श्रेणी एकच आहेत, तेव्हा त्या रकान्यांवर सरळ काट. आता पहिल्याला अध्यापकांत अ, सुविधांत क. दुसऱ्याला अध्यापकांत क, सुविधांत ब. पहिलं एकीकडे २० गुणांनी पुढे, दुसरीकडे १० गुणांनी मागे. हिशेब फिटायचा तर सुविधांचं वेटेज अध्यापकांच्या दुप्पट हवं. दुपटीच्या जोड्या दोनच, ०.१–०.२ आणि ०.२–०.४, पैकी ०.१ प्लेसमेंटने आधीच अडवलंय. अध्यापक ०.२, सुविधा ०.४, नावलौकिक ०.३. रफ कागदावर जेमतेम दोन ओळी खर्ची पडल्या.

(इमारतीला शिक्षकांच्या दुप्पट भाव आणि प्लेसमेंट तळाला! असं रँकिंग खरंच निघालं तर पालक संपादकाला फाडून खातील. कोड्याला त्याचं सोयरसुतक नाही. केंद्र सरकारच्या, २०१६पासून निघणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीत वेटेज उघड असतात. इंजिनिअरिंगला अध्यापन व साधनं ३० टक्के, संशोधन ३०, पदवीधरांची निष्पत्ती २०, समावेशकता १०, जनमानसातली प्रतिमा १०. त्यामुळे तिथे शोधायला काही उरत नाही, वाद घालायला भरपूर उरतं.)

वेटेज सापडल्यावर मुलं निर्धास्त होतात आणि नेमकी इथेच घसरतात. एका कॉलेजला तीन ठिकाणी ब आहे, प्लेसमेंटची जागा कोरी, एकूण गुण ३५ किंवा जास्त पण ४५ पेक्षा कमी. ८, १२ आणि १६ मिळून ३६ झाले. प्लेसमेंट त्यात शून्यापासून पाचपर्यंत कितीही घालो, गुण ३६ ते ४१ मध्येच राहणार. म्हणजे पाचही श्रेणी चालतात. पण कोरा चौकोन दिसला की तो भरलाच पाहिजे, असं मुलांना वाटतं. ती वरच्या ओळी पुन्हा वाचतात, बेरजा तपासतात. प्रश्न मात्र एवढाच असतो की किती श्रेणी निश्चित सांगता येत नाहीत, आणि हा चौकोन तसाच ठेवून त्याचं उत्तर मोजायचं असतं.