व्हेअर आर यू गोइंग, व्हेअर हॅव यू बीन?

'व्हेअर आर यू गोइंग, व्हेअर हॅव यू बीन?' (अर्थ: कुठे निघालीस, कुठे होतीस?) ही अमेरिकन लेखिका जॉइस कॅरोल ओट्स (जन्म १९३८) यांची इंग्रजी लघुकथा आहे. ती १९६६ मध्ये 'एपोक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली व पुढे 'द व्हील ऑफ लव्ह' (१९७०) या संग्रहात आली. पुढील संकटाची चाहूल आधीच्या साध्या तपशिलांतून देणे, म्हणजेच पूर्वसूचन, या तंत्राचे ती एक उत्कृष्ट उदाहरण आहे.

कथानक

कॉनी ही पंधरा वर्षांची मुलगी. आरशात वारंवार डोकावण्यावरून ती आईची बोलणी खाते. एका रविवारी घरची मंडळी नातेवाइकांकडे जातात. कॉनी एकटीच मागे राहते. आर्नल्ड फ्रेंड नावाचा अनोळखी माणूस सोबत्यासह मोटारीतून दारात येतो, गोड बोलतो, हळूहळू धमकावू लागतो. अखेर कॉनी दार उघडून बाहेर पडते. पुढे काय झाले, हे लेखिका सांगत नाही.

पूर्वसूचन

आर्नल्ड प्रथम दिसतो तो कथेच्या आरंभीच. उपाहारगृहाबाहेर सोनेरी रंगाच्या जुन्या मोटारीतला एक मुलगा बोट हलवून कॉनीला 'मी तुला गाठणार' अशा अर्थाचे काही बोलतो. ती मान फिरवते. वाचकही ते विसरतो. दारातील प्रसंगात मात्र खुणा दाटत जातात. मोटारीवर रंगवलेला शब्दप्रयोग मुलांनी गेल्याच वर्षी टाकून दिलेला असतो. बुटांत काही कोंबल्यासारखी त्याची चाल अडखळते. चेहरा मुखवट्यासारखा भासतो, आणि वय तिशीचे असावे असे कॉनीच्या ध्यानी येते. घरची माणसे या क्षणी कुठे आहेत, हेही तो सांगतो. कॉनीला प्रिय असलेले रेडिओवरील संगीत त्याच्या मोटारीतही तेच चालू असते. कथेतील भय असे परिचित वस्तूंतूनच उगवते; शेवटी स्वतःचे स्वयंपाकघरही तिला अनोळखी वाटू लागते.

संस्कृत नाट्यशास्त्रातील 'पताकास्थानक' ही संकल्पना याच्या जवळची आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात, सीतेचा विरह तेवढा असह्य, असे राम म्हणतो न म्हणतो तोच प्रतिहारी 'आला आहे' अशी वर्दी देते. आलेला असतो तो लोकापवादाची वार्ता आणणारा दुर्मुख. तेथे दोन वाक्यांच्या सांध्यावर जे घडते, ते ओट्स यांनी संपूर्ण कथेवर पसरले आहे.

अन्वयार्थ

आरशाचे उल्लेख आरंभीच असल्याने ही कथा नटव्या मुलीला मिळालेल्या शिक्षेची बोधकथा म्हणूनही वाचली जाते. हे वाचन संहितेला धरून नाही. आर्नल्डच्या पाळतीची खूण कथेत स्पष्ट आहे. कॉनीने त्याला बोलावल्याची एकही नाही. शिवाय बाहेर न आल्यास घरच्यांचे बरे होणार नाही, असे तो सुचवतो. तिच्या शेवटच्या पावलाचा अर्थ लावताना ही धमकी वगळता येत नाही.

पार्श्वभूमी

अ‍ॅरिझोनातील टूसान येथे किशोरवयीन मुलींचे खून करणाऱ्या चार्ल्स श्मिड याच्याविषयी 'लाइफ' साप्ताहिकात आलेला वृत्तान्त कथेला निमित्त ठरला. उंच दिसण्यासाठी तोही बुटांत भर घालीत असे. कथा गायक बॉब डिलन यांना अर्पण केलेली आहे. तिच्यावर आधारित 'स्मूद टॉक' (१९८५) हा चित्रपट जॉइस चोप्रा यांनी दिग्दर्शित केला. त्यात कॉनीची भूमिका लॉरा डर्न यांनी केली. चित्रपटातील कॉनी घरी परतते.